आत्याची पोर कुणाजवळ आहे

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनरीला एकटीनं कुठेही जाता येत नाही. भाजीला, दवाखान्यात, मोबाईल रिचार्ज करायला, सगळीकडे जोडीदारीण सोबत हवी. एकीला दुसरी दिसली पाहिजे आणि ऐकू आली पाहिजे. बारामतीत माझ्या वाट्याला आलेली जोडीदारीण आंध्रच्या किनाऱ्याकडची होती आणि ती सतत ऐकू येत असे. दात घासतानासुद्धा ती भजन गुणगुणायची, तोंडातल्या फेसासकट.

मी पुण्याची. मी शाळेत असतानाच आईवडील या चर्चमध्ये आले. शिक्षण संपलं की मिशनला, म्हणजे धर्मप्रसाराला, जायचं हे आमच्या घरात धरून चाललेलं होतं, जसं इतरांच्या घरात लग्न धरून चालतात. मला फारसं बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत ते खपून गेलं, कारण तिथे गप्प मुलीला शहाणी समजतात. मिशनमध्ये गप्प मुलीला आजारी समजतात.

दिवस आखलेला असायचा. उठून व्यायाम, मग शास्त्रवाचन, मग एकमेकींसमोर बसून सराव. सरावात एकीनं मिशनरी व्हायचं आणि दुसरीनं दुःखी बाई. मी दुःखी बाई झाले की जोडीदारीण पुढे झुकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं पाणी. तेच मला सहन व्हायचं नाही. मी दुःखी नाही हे तिला ठाऊक होतं, तरीही ती रडायची. मग खऱ्या दुःखासाठी तिच्याकडे वेगळं काय शिल्लक राहणार होतं?

छातीवर नावाची काळी पाटी, गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, खांद्याला पिशवी. पाटीवर ‘सिस्टर’ लिहिलेलं, त्यामुळे एसटी स्टँडवर एक म्हातारा दर वेळी बाही वर सारून बीपी बघायला सांगायचा. दारोदार फिरून शिकवायची आम्हाला मुभा नव्हती. कुणी बोलावलं तरच जायचं. बोलावणाऱ्या बहुतेकांना फुकटचं इंग्रजी हवं असे. एका गृहस्थांनी प्रार्थनेला डोळे घट्ट मिटले आणि आमेन होताच मुलाला पुढे ढकललं, “हं, आता टेन्स घ्या.” जोडीदारीण दुखावली. मला ते गृहस्थ आवडले. आपल्याला काय हवं ते निदान त्यांना माहीत होतं.

लासुर्ण्याच्या आत्यानं मात्र खरंच बोलावलं. बारामतीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी बाई आमच्या रविवारच्या सभेला यायची. तिची ही सख्खी आत्या. साठी उलटलेली, उसाच्या कडेला दोन खोल्यांत एकटी राहणारी. आम्ही इंदापूरच्या एसटीनं लासुर्ण्याला उतरलो आणि चालत गेलो. जोडीदारीण वाटेतल्या म्हशींकडेही बघून हसत होती.

आत्यानं आधी गॅसवर आधण ठेवलं. मी सांगितलं, आम्हाला चहा चालत नाही.

“च्या न्हाय? मग कापी?”

“कॉफीपण नाही.”

“मग पावनं आल्यावर करत्यात काय तुमच्यात? नुसतं तोंडाकडं बघत बसायचं?”

तिनं आधण ओतून टाकलं आणि साखर घालून दूध आणलं. ते देताना तिचा चेहरा काही साखर घातल्यासारखा नव्हता. जोडीदारिणीनं इंग्रजीतून दुधाची तारीफ केली. मी ती मराठीत सांगितली नाही. दुधाची काय तारीफ करायची?

मग आत्या मुद्द्यावर आली. “भाची म्हंती, तुमच्यात मेलेली मानसं परत भेटत्यात. खरं हाय का? मला येक पोर व्हती. सा वर्सांची गेली.”

मी ते इंग्रजीत सांगताच जोडीदारीण उजळली. आमच्या चर्चची सगळ्यात मोठी देणगी हीच. चर्चच्या मंदिरात नवराबायको आणि मुलं एकमेकांना कायमची जोडली जातात, आणि मरणानंही ती गाठ सुटत नाही. तिनं पिशवीतून चित्र काढलं. पांढऱ्या कपड्यांतले आईबाप, पांढऱ्या कपड्यांतली मुलं, मागे हिरवळ. असं कुटुंब इंदापूर तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. अमेरिकेत तरी कुणी पाहिलं असेल का, मला शंका आहे.

आत्यानं चित्र लांब धरून पाहिलं. “आन् आत्ता या घडीला पोर कुणाजवळ आसंल?”

“तिचे वडील आहेत का?” जोडीदारिणीनं विचारलं.

“गेलं की. गेल्या सालात.”

हे ऐकून जोडीदारिणीनं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मग काळजी कशाला? ती एकटी नाही. ती आता वडिलांजवळ आहे.”

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आत्याच्या हातातलं चित्र हळूहळू खाली आलं.

“त्याच्याजवळ?”

मग तिनं सांगितलं. पोरीला ताप चढला त्या दिवशी कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी होती. पाळी हुकेल म्हणून नवरा रानात दारं धरत राहिला, या सरीतलं पाणी त्या सरीत वळवत. हिनं बांधावर उभं राहून हाका मारल्या. भिजवण उरकल्यावर त्यानं शेजाऱ्याची गाडी आणली. बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर हिच्या मांडीवर गार झालेली. “आन् घरी आल्यावर म्हनला, ऊस तरी वाचला.”

मी सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही वाक्य न गाळता. जोडीदारिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, सरावात यायचं तेच. “तिकडे तो बदललेला असेल,” ती म्हणाली. “तिकडे सगळे चांगले होतात.”

“बदलायचा आसता तर हितं काय कमी सालं मिळाली व्हती का?” आत्या म्हणाली आणि उठली.

परतीच्या एसटीत जोडीदारीण म्हणाली की आज फार सुंदर भेट झाली. आमच्यात सगळ्याच भेटी सुंदर होतात.

पुढच्या आठवड्यात गेलो तर आत्या धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यातच उभी. डोळे सुजलेले. “मला तुमच्यात घ्या. पान्यात कधी बुडवायचं त्ये सांगा. पर लवकर करा.”

जोडीदारिणीनं तिला मिठी मारली.

“पोर त्याच्यापाशी हाय,” आत्या मिठीतूनच माझ्याशी बोलत होती. “आठवडाभर डोळ्याला डोळा न्हाय. तुमच्यात आल्यावर तितं जाता येतं न्हवं? मी जाऊन काढती तिला.”

हेही मी सांगितलं. जोडीदारिणीला त्यातलं फक्त आईचं प्रेम ऐकू आलं. तिनं अंगणातूनच पुण्यातल्या आमच्या वरिष्ठांना फोन लावला. त्यांनाही फार आनंद झाला. नवऱ्याची बाजूही व्यवस्थित मिटवता येईल, ते म्हणाले: त्याच्या नावानं दुसरा कुणी पुरुष बाप्तिस्मा घेईल, मग त्याला आणि आत्याला जोडायचं, मग मुलीला दोघांशी. कुणीच बाहेर राहणार नाही. जोडीदारिणीनं हे दिवाळीच्या फराळाचं ताट पुढे करावं तसं सांगितलं, आणि मी ते मराठीत केलं.

“म्हंजी मेल्यावर बी त्योच?” आत्या म्हणाली. “कायमचा?”

“कायमचा,” मी म्हटलं.

“पोर पायजे तर त्यो बी घ्यायचा?”

जोडीदारीण मान हलवून हसत होती. मराठी कळत नसताना ती नेहमी मान हलवून हसायची. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ती हसरी ऱ्हाऊ दे. तू सांग. पोर खरंच त्याच्याजवळ हाय का?”

इतके दिवस मी दुसऱ्यांचीच वाक्यं बोलत होते. माझ्यासारखीला ते सोयीचं असतं. आता पुढे कुणाचंच वाक्य नव्हतं.

“तिला माहीत नाही,” मी म्हणाले. “मला नाही, फोनवरच्या साहेबांनाही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती बोलून गेली.”

“उगंच?”

“उगाच.”

आत्या खाली बसली. मग म्हणाली, “बरं वाटावं म्हून! माझ्या जिवाला घोर लावलासा, आन् म्हनं बरं वाटावं म्हून. शिकलेल्या ना गं तुमी?”

ती उठली, गॅस पेटवला आणि चहा ठेवला. एकच कप. आमच्याकडे वळून पाहिलं नाही, विचारलं नाही. आमच्यासमोर पाटावर बसून तिनं तो बशीत ओतून फुरके मारत संपवला. या भागात दारी आलेल्या वैऱ्यालाही कुणी चहाचं विचारल्याशिवाय राहत नाही. जोडीदारिणीला यातलं काहीच कळलं नाही. तिला वाटलं, आत्या आमच्या नियमाचा मान राखते आहे.

“यष्टीचा टाइम झाला,” आत्या म्हणाली. “जावा.”

रस्त्यावर जोडीदारिणीनं विचारलं, “तू तिला काय सांगितलंस?”

“आपल्याला माहीत नाही, असं.”

ती थांबली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि ती मला बरी दिसली. मग तिनं डोळे मिटून आत्यासाठी प्रार्थना केली, भर रस्त्यात, उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत शेजारून जात असताना. बारामतीला पोचल्यावर तिनं फोनवर कळवलं की बाईंची अजून तयारी झालेली नाही. आमच्यात असंच म्हणतात. तयारी नेहमी समोरच्याचीच व्हायची राहिलेली असते.

मिशन मी पूर्ण केलं. माझी बदली होईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना दिसत राहिलो आणि ती मला ऐकू येत राहिली.

बारामतीहून निघायच्या आधीच्या रविवारी आत्याची भाची भेटली. सभेला ती एकटीच यायची, आत्याला आणायचं नाव तिनं पुन्हा काढलं नव्हतं. मी विचारलं, आत्या कशा आहेत?

“झोपती आता,” ती म्हणाली. “म्हंती, पोर येकटी आसंल. पर त्याच्याजवळ न्हाय, त्या मराठी बोलनाऱ्या पोरीनं सांगितलंय.”

मी तसं सांगितलं नव्हतं. मी फक्त माहीत नाही म्हणाले होते. पण भाचीला मी काही बोलले नाही, आणि जोडीदारिणीनं ती काय म्हणाली असं विचारलं तेव्हा तिलाही नाही.