निळ्या चिमण्या

शिंपला पारखावा तर आक्कांनीच, असं सगळे म्हणतात, हे आक्काच सगळ्यांना सांगत. धाकटा भाऊ लाकडी पेट्यांना काळं रोगण चढवून त्यात शिंपल्याची नक्षी बसवायचा. घराची पुढची खोली हाच त्याचा कारखाना. शिंपला आणायचा मान मात्र आक्कांचा. बाईंनी लग्न केलं नाही, संसार थाटला नाही, पण शिंपलेवाल्याशी भांडण जन्मभर नेमानं केलं.

त्यांची रीत ठरलेली. दुकानातल्या दिव्याखाली काही बघायचं नाही. शिंपल्याचा पातळ पापुद्रा घेऊन थेट उंबऱ्यात यायचं, जिभेनं ओला करायचा आणि उजेडात तिरका धरायचा. कोरडा शिंपला खोटं बोलतो. रोगणाखाली कसा दिसेल ते ओला झाल्यावरच कळतं.

"चाटून चाटून माल झिजवाल, आक्का," शिंपलेवाला म्हणायचा.

"तुमच्या मालाला चव तरी कुठंय?" आक्का म्हणायच्या.

आणि अलीकडे काय झालं, पेट्या निळ्या व्हायला लागल्या. मासे निळे, पानं निळी, चिमण्यासुद्धा निळ्या! भावजय नवऱ्याला हळूच म्हणाली, "चिमण्यांना थंडी वाजतेय वाटतं." पण आक्कांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, तर मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? दोघंही मूग गिळून बसले.

मग एक जुन्या गिऱ्हाईकबाई आपल्या आईची पेटी घेऊन आल्या. झाकणावरच्या फुलाची एक पाकळी निखळली होती. आक्का जातीनं बाजारात गेल्या, शिंपला घेऊन आल्या. भावानं पाकळी कापली, बसवली. बाईंनी झाकणावरून हात फिरवला आणि संकोचून म्हणाल्या, "आईचं फूल गुलाबी होतं हो."

"मग हे काय आहे? गुलाबीच की!" आक्का म्हणाल्या.

भाऊ उगाच कानस पुसत बसला.

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तश्शाच उठल्या आणि शिंपलेवाल्याच्या दारात उभ्या राहिल्या. "फसवलंत मला!"

त्यानं वाद घातला नाही. दोन पापुद्रे उंबऱ्यात आणून त्यांच्या हातावर ठेवले. "सांगा, गुलाबी कुठला?"

आक्कांनी दोन्ही ओले केले, तिरके धरले. "हा. आणि तो दुसरा पिवळट पडलाय, तो तुम्हीच ठेवा."

"आक्का, पिवळट म्हणताय तो गुलाबी आहे. बऱ्याच दिवसांपासून तुम्ही निळाच नेताय. दुसरा दाखवला की मलाच वेड्यात काढता. डोळे दाखवा एकदा."

आयुष्यात पहिल्यांदा आक्का त्या दुकानातून भांडण अर्धवट टाकून निघाल्या. वाटेत त्यांना खरोखर भीती वाटली. डोळाच गेला तर भावाच्या घरात आपण कोण? दोन वेळा ताटावर बसणारी एक म्हातारी, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, त्यानं सगळं पिवळं दिसतं, निळा रंग तर मरतोच. शस्त्रक्रिया झाली. भावजयीनं वेळेवर थेंब घातले, आक्कांनी प्रत्येक थेंबाला नावं ठेवली. डोळा मोकळा झाला त्या सकाळी त्या कुणाची वाट न बघता पुढच्या खोलीत गेल्या.

फळीवर न खपलेल्या पेट्या रांगेनं मांडलेल्या होत्या.

"अगं बाई! हे काय रे हे? मेल्या, चिमण्या आहेत का शाईच्या दौती? तुला डोळे नव्हते?"

"होते की."

"मग हा असला शिंपला बसवलास कशाला?"

भाऊ रोगण ढवळत होता. मान वर न करता म्हणाला, "तू आणला होतास."

आक्का तिथंच पाटावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून रडायला लागल्या.

आतून भावजय धावत आली. "अहो वन्सं, काय करताय हे! डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून सांगितलंय ना!"