नलूताईंचा गुरुवार

ऑक्टोबर लागला की आमच्या वरच्या मजल्यावरच्या नलूताई केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, घडीच्या खुर्च्या एकेक करून वर न्यायच्या आणि जिन्यात बसून पुसायच्या. पाहुणे यायचे नोव्हेंबरच्या शेवटी. "एवढ्यात कशाला, ताई?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"माणसं दोन दिवसांत परत जातात गं. वाट बघायला दोन महिने तरी नकोत?"

मूळच्या मिरजेच्या. जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळच्या अमेरिकन लष्करी तळावर नोकरीला असलेल्या डॅनशी लग्न करून इथेच राहिलेल्या. थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचं अमेरिकन आभाराचं जेवण, खरं तर डॅनचं, पण ते कधीच नलूताईंचं झालं होतं. जर्मनीत त्या गुरुवारी सुट्टी नसते. तरी मुलगा अमेरिकेहून यायचा, दोन्ही मुली जावयांना घेऊन रजा काढून यायच्या. टर्कीच्या सारणात गोडा मसाला पडायचा. कोणी नाक मुरडलं तर त्या म्हणायच्या, "पक्षी अमेरिकेचा, हात मिरजेचा. खायचं तर खा."

मी मात्र जळायचे. आमची दिवाळी तिघांची: मी, नवरा आणि लेक इरा. फराळ करायचा, पुण्याला व्हिडिओ कॉल लावायचा, संपलं. वर सोळा माणसं हसायची आणि आमचं छत दणाणायचं. घरी भोपळा ताटाबाहेर काढणारी इरा वर जाऊन भोपळ्याचे सहा घारगे खाऊन यायची. कॅलेंडरवर ती दिवस मोजायची, तेही त्या गुरुवारपर्यंतचे.

गुरुवारच्या जेवणाला आम्हालाही बोलावणं असायचं, आणि त्या टेबलावर एक नियम होता. जेवणाआधी प्रत्येकाने आपल्या आईच्या भाषेत कोणाचे तरी आभार मानायचे. घरी माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देणारी आठ वर्षांची इरा एका वर्षी उभी राहिली आणि अडखळत, पण स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी नलूआजीला थँक्यू म्हणते. ती माझी वाट बघते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पुढचं जेवण मला गोड लागलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मी सांगून टाकलं, "आम्ही नाही येणार, ताई. हॅनोव्हरला नणंदेने बोलावलंय." तिने बोलावलं नव्हतं, मीच फोन करून येतो म्हणाले होते. जाता-येता गाडीत इरा माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

परत आलो तेव्हा नलूताई घारग्यांचा डबा घेऊन खाली आल्या. इरा डबा घेऊन आत पळाली. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"रुसलीयस ना, मेधा? रूस, माझी ना नाही. पण पोरीला कशाला मध्ये घेतेस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ती तुमच्याशी मराठीत बोलते, ताई. माझ्याशी नाही बोलत."

त्यांनी आत, इरा पळाली होती तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी तिन्ही मुलं कधी बोलली नाहीत गं मराठी. तुझी बोलली आणि मला इतकं बरं वाटलं, की तुझ्या तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं. असो, चुकलं माझं."

त्यामुळे माझं जळणं थांबलं असं नाही. पण पुढच्या वर्षी मी गेले, आणि न सांगता स्वयंपाकघरात शिरून बटाटे सोलायला बसले. नलूताईंनी नुसती सुरी पुढे सरकवली. नंतरची चार वर्षंही मी तिथेच बसत होते.

मग डॅनचं हृदयाचं दुखणं निघालं आणि मुलाने दोघांना अमेरिकेला नेलं. जाताना नलूताई इराला पोटाशी धरून रडल्या. माझ्याशी हात मिळवला, जर्मन पद्धतीने, आणि मग तोच हात बराच वेळ धरून ठेवला.

त्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"कसं झालं, ताई?"

"सगळं सुनेने केलं. मला म्हणाली, मॉम, तुम्ही नुसतं बसा. नातवंडं तिच्याच मागे-मागे. इतकी जळले गं मी, मेधा!"

एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी काढला नव्हता. त्यांनी किती सहज काढला.

"मग काय केलंत?"

"काय करणार? टाळ्या वाजवल्या. छान झालंय म्हटलं. आणि खरंच छान झालं होतं गं. तेच तर."