बंद पडायच्या आधी

बिघडलेली वस्तू आयुष्यात कधी वापरलीच नाही, असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. म्हणून आमच्याकडच्या रीतीने ते माझे साडभाऊ. चिखलीत आमच्या घरापासून तीन गल्ल्या टाकून राहतात. त्यांच्या घरात नळ कधी ठिबकला नाही, कुकरची शिट्टी कधी अडली नाही, चपलेचा अंगठा कधी तुटला नाही. याचं कारण ते वस्तू जपून वापरतात असं नव्हे. ती बिघडायच्या आत ते तिला घराबाहेर काढतात. चपलेचा तळ बोटभर जाड असतानाच नवी चप्पल येते. छत्रीवर अजून दुकानाचा वास असतो, तोवर तिच्या काड्यांबद्दल त्यांच्या मनात संशय उभा राहतो. दर पाडव्याला सकाळी ते आमच्याकडे येतात, स्टुलावर चढतात, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलतात आणि मग खाली उतरून आम्हाला नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात. काढलेल्या त्या सेलवर आमचा टीव्हीचा रिमोट पुढच्या पाडव्यापर्यंत चालतो.

एकदा त्यांची एक दाढ किडली. ती काढून झाल्यावर त्यांनी दातांच्या डॉक्टरांना शेजारची धडधाकट दाढही काढायला सांगितली. डॉक्टर म्हणाले, अहो, तिला काहीच झालेलं नाही. साडभाऊ म्हणाले, "आज नाई झालं. पन संगत पाहा ना तिची." डॉक्टरांनी नकार दिला तेव्हापासून ते त्या दाढेने जेवतच नाहीत. ती कधी दगा देईल याचा नेम नाही म्हणतात.

आता चालू वस्तू घराबाहेर काढायच्या म्हटल्यावर त्या जाणार कुठे? तर त्या जातात माडीवर. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या सगळ्यांची ताई, चालती वस्तू फेकू देत नाही. माडीवरच्या खोलीत तिने नवऱ्याच्या संशयातून वाचलेला एक दुसरा संसारच मांडून ठेवला आहे. तीन पंखे, दोन मिक्सर, इस्त्री, कुकर, बादल्या, सगळं ठणठणीत. नात्यात कोणाचं लग्न ठरलं की मुलीकडचे आधी ताईची माडी पाहून येतात. आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर तिथलाच आहे. "निकामी होऊन राह्यला" म्हणून साडभाऊंनी तो काढला त्याला अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात त्यांच्या घरात चौथा मिक्सर आला आहे.

मी त्यांची थट्टा करतो खरी, पण हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं तेही मला ठाऊक आहे. तरुणपणी ते एका खेड्यातल्या पाणीपुरवठ्यावर पंपचालक होते. ऐन मे महिन्यात तिथला पंप जळाला. दुरुस्त होऊन यायला तीन दिवस लागले. गाव शिव्या देऊन गेलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण एक म्हातारी रिकामी घागर घेऊन यायची, त्यांच्या खोलीच्या दाराशी बसायची आणि काही न बोलता उठून जायची. तिन्ही दिवस. "शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं, मास्तर," एवढंच ते मला एकदा म्हणाले होते. मी शाळेत शिकवतो म्हणून मी त्यांचा मास्तर.

निवृत्तीनंतर त्यांनी बुलढाण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी हायब्रीड गाडी घेतली, थोडी पेट्रोलवर आणि थोडी बॅटरीवर चालणारी. गाडी गुणी होती. टायर, वायपर, बॅटरी सगळं त्यांनी महिन्याभरात बदलून टाकलं आणि आता गाडीत संशय घ्यायला काही उरलं नाही म्हणून ते जरा उदास झाले होते, तेवढ्यात त्यांना पाण्याच्या पंपाचा शोध लागला. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरवणारा पंप प्रत्येक गाडीत असतो. आमच्या साध्या गाडीत तो पट्ट्यावर चालतो. जायला आला की किरकिरतो, गळतो, चार दिवस आधी सांगून मग मरतो. यांच्या गाडीतला पंप मात्र विजेवर चालणारा. त्याला पट्टा नाही, आवाज नाही. चालतो तोवर चालतो आणि मग एका क्षणी बंद. हे कळल्यापासून साडभाऊंची झोप उडाली.

"जे कुरकुर करत नाई ना मास्तर, ते एक दिवस घात करते," ते मला म्हणाले.

ताई आतून म्हणाली, "मंग माहा गुन घ्या. मी तं रोज कुरकुर करतो."

गाडीसोबतच्या पुस्तकात त्यांनी पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'पंप गरजेनुसार बदलावा.' या 'गरजेनुसार' शब्दाने ते जे दुखावले, ते महिनाभर सावरले नाहीत. "गरज पडल्यावर गरज समजली, तं मंग पुस्तक कायले छापलं?" ते अमडापूरच्या बाजारात वांगी घेताना भाजीवाल्याला विचारत. भाजीवाला बिचारा म्हणाला, "आमच्या वहिरीवरचा तं वीस वर्षं झाले चालूच हाये." साडभाऊंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्याच्या घरात कोणी अत्यवस्थ आहे आणि त्यालाच पत्ता नाही.

चिखलीतले त्यांचे मिस्तरी शांत माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, पंपावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं, "चांगला हाये, साहेब. चालत्या पंपाले हात लावू नका."

"पन कधी जाईन?"

"ते माह्याही बाबतीत मले सांगता येत नाई," मिस्तरी म्हणाले.

या उत्तराने दोन तट पडले. मी, ताई आणि मिस्तरी एकीकडे. साडभाऊ एकटे दुसरीकडे. मी त्यांना सांगे, की भाऊ, चालणारं काढून न चालवलेलं बसवण्यात कसली हुशारी? नव्या गोष्टीची परीक्षा कुठे झालेली असते? ते म्हणत, जुना किती चालला हे माहीत आहे, म्हणून तर किती उरला याची भीती आहे. दोन्ही बाजू खऱ्या, आणि म्हणूनच वाद संपेना. त्याच काळात डॉक्टरांनी ताईच्या गुडघ्याबद्दल 'अजून चारपाच वर्षं काढेल' असं सांगितलं, तेव्हा साडभाऊंचे डोळे असे चमकले की ताईने तिथल्या तिथे बजावलं, "हे पाहा, हा माहा पाय हाये. पंप नाई." गुडघा वाचला. त्या बदल्यात पंप गेला म्हणायला हरकत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात नागपूरहून नवा पंप मागवला गेला.

मिस्तरींनी नाइलाजाने तो बसवला. जुना काढून पुसला, नव्याच्या खोक्यात ठेवला. त्या दिवशी साडभाऊ इतके हलके झाले होते, की त्यांनी मिस्तरींसकट सगळ्यांना जिलेबी खिलवली. खोकं माडीवर जायचं होतं, पण ताईचा गुडघा दुखत होता म्हणून ते डिक्कीतच राहिलं.

यानंतर अकराव्या दिवशी भाची निघाली. साडभाऊंची एकुलती एक मुलगी. नर्सिंगचा अभ्यास पुरा करून तिला नाशिकला पहिली नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. आगगाडी मलकापूरहून दुपारी एकची. चिखलीहून मलकापूर फार तर दोन तास; म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. स्टेशन बंद पडायच्या आधी पोचायचंय का, असं मी विचारलंही. ताई गुडघ्यामुळे घरीच थांबली. तिने लेकीला दारातच कुरवाळलं आणि डबा दिला. पुढे साडभाऊ गाडी चालवायला, त्यांच्या शेजारी मी, मागे भाची आणि तिच्या बॅगा.

बुलढाणा मागे पडलं. राजूर घाट उतरायला लागणार, एवढ्यात गाडीत इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. साडभाऊंनी तत्काळ गाडी बाजूला घेऊन बंद केली. मी फोनवरून चिखलीच्या मिस्तरींना सगळं सांगितलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी चालू करून भाचीने पंपावर हात ठेवला. पंप गप्प होता. थरथर नाही, काही नाही. अकरा दिवसांचा नवाकोरा पंप.

"बंद पडला?" साडभाऊंनी मला विचारलं. कोणी गेल्याची बातमी आली की माणूस पुन्हा एकदा विचारतो, तसं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि जिभेवर आलेली थट्टा गिळून टाकली. खेड्यातल्या त्या पंपानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या हातातली वस्तू पहिल्यांदा बंद पडली होती, आणि ती पडली तीही लेकीच्या वाटेवर. ते रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. हात मांडीवर. मागून येणाऱ्या गाड्या आमच्याजवळून घाटात उतरत होत्या.

"माह्याच हातानं केलं," ते म्हणाले. "चांगला होता तो. सगळे सांगून राह्यले होते, मास्तर. तुमी बी सांगतलं होतं."

भाची त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, आत्ता किती वाजले?"

"पावनेआठ."

"आन् गाडी किती वाजता?"

"एक वाजता."

"पाच तास हायेत आपल्यापाशी. दुसऱ्या कोनाचा बाप असता तं त्यानं दहाले काढली असती गाडी," ती म्हणाली. "आन् जुना पंप डिक्कीत हाये. उठा."

चिखलीच्या मिस्तरींनी बुलढाण्यातल्या आपल्या ओळखीच्या मिस्तरीला पाठवलं. तो मोटारसायकलवरून आला, सगळं ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "एक डाव पुन्हा सांगा, काका. नवा काढू आन् जुना टाकू? उलटं तं नाई सांगून राह्यले?"

"उलटंच हाये बाप्पा," साडभाऊ म्हणाले. "टाक."

पंप बदलताना इंजिनातलं पाणी सांडतं; ते पुन्हा भरायला लागतं. त्याने विचारलं तर डिक्कीत त्या पाण्याचे दोन डबे निघाले. शिवाय हातमोजे निघाले, आणि चिंध्या, आणि त्याला बसायला एक पाट निघाला. तो मिस्तरी म्हणाला, की माझ्या गॅरेजात एवढं सामान नाही. दहाच्या सुमारास जुना पंप पुन्हा आपल्या जागी बसला, इंजिन सुरू झालं आणि लाल दिवा विझला. साडभाऊंनी पंपावर तळहात ठेवला, चिखलीच्या मिस्तरींसारखेच डोळे मिटले, आणि बराच वेळ हात काढला नाही.

मलकापूरला आम्ही पोचलो तेव्हा आगगाडीला पुष्कळ अवकाश होता. फलाटावर ताईच्या डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. गाडी आली. भाची दारात उभी राहिली. मला वाटलं आता साडभाऊ पाण्याची बाटली, फोनची बॅटरी, बॅगेची चेन यांतलं काहीतरी बोलतील. ते खिडकीचा गज धरून उभे होते. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "आठवन यायच्या आधीच फोन करत जाय मले."

कंपनीने पुढे खराब पंपाच्या बदल्यात दुसरा पाठवला. साडभाऊंनी तो उघडला नाही. जुनाच चालतो आहे. घरातही हळूहळू फरक पडला. गेल्या पाडव्याला ते आमच्याकडे आले, घड्याळाकडे पाहिलं आणि स्टूल मागितलंच नाही. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. जूनमध्ये ते घड्याळ थांबलं, तेव्हा तर फारच.

मग या दिवाळीनंतर एका सकाळी ते घरी आले आणि गाडीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आदल्या आठवड्यात आम्ही दोघं उंद्रीला जाऊन आलो होतो. गावाच्या तोंडाशी एक बाई शेळ्या घेऊन आडवी आली होती आणि साडभाऊंनी ब्रेक दाबून गाडी थांबवली होती. मला तर तो प्रसंग आठवतही नव्हता. काहीच झालं नव्हतं. बाई गेली, शेळ्या गेल्या, आम्ही उंद्रीत चहा प्यायलो.

"पाय उशिरा गेला माहा," ते म्हणाले. "थोडासाच. तुमाले नाई समजलं. मले समजलं."

मी डोळे तपासायला सांगितलं. ते म्हणाले, तपासून आलो, नंबर तोच आहे. मी म्हणालो, भाऊ, एका शेळीवरून कोणी गाडी सोडतं का? मी त्यांना मिस्तरींचं वाक्यही ऐकवलं, की चालत्याला हात लावू नये. इतकी वर्षं ज्या माणसाची मी याच गोष्टीवरून थट्टा केली, त्याच्यापुढे मी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही अजून किती छान गाडी चालवता!"

"हाव," ते म्हणाले. "म्हनूनच."

त्या दिवसापासून त्यांची गाडी मी चालवतो. ताईला डॉक्टरांकडे न्यायचं असो, भाची सुट्टीवर आली की मलकापूरहून आणायचं असो, मी उजवीकडे आणि साडभाऊ माझ्या डावीकडे. मला वाटलं होतं, ते सूचना देऊन जीव खातील. ते मात्र खिडकीतून तुरीची शेतं पाहत बसतात. फक्त रस्त्यावर वळण आलं, पुढे गुरं दिसली, की त्यांचा उजवा पाय नुसत्याच चटईवर हळूच दाबला जातो. दर वेळी माझा पाय ब्रेकवर जाण्याच्या जरासा आधी.