आर्नहेमचं जेवण आणि उरलेल्यांची टीम

माझ्या फोनमध्ये क्रिकेटचे दोन ग्रुप होते आणि दोन्हींवर एकाच बॅटचा फोटो होता. एक ग्रुप आमच्या युट्रेख्टच्या विद्यार्थी क्लबच्या कमिटीचा, अगदी खाजगी. दुसरा नेदरलँड्सच्या अख्ख्या पूर्वेच्या लीगचा, म्हणजे युट्रेख्ट, आर्नहेम, वागेनिंगेन आणि एन्स्खेडे या चार गावांतल्या विद्यार्थी टीमांचा. फोटो दोन्हीकडे मीच लावला होता. सेक्रेटरी झाल्यावर माणसाला एकसारखेपणाची हौस येते.

२०२१च्या फेब्रुवारीत, संचारबंदी चालू असताना, आम्हाला पश्चिमेच्या लीगचं आमंत्रण आलं. अ‍ॅमस्टरडॅम, लायडेन, डेल्फ्ट अशी तालेवार मंडळी. मी कमिटीसाठी मेसेज तयार केला: पूर्वेची लीग सोडायची का? एक, हो. दोन, नाही. तीन, सोडायची, पण त्यांना एवढ्यात सांगायचं नाही. आणि तो लीगच्या ग्रुपवर टाकला.

मराठीत लिहिला असता तर निदान निम्म्या लोकांना कळला नसता. पण मी तो शुद्ध इंग्रजीत लिहिला होता. चोपड्याच्या शाळेतल्या आमच्या इंग्रजीच्या सरांना अभिमान वाटला असता. चूक कळेपर्यंत निळ्या खुणा उमटल्या होत्या आणि पहिलं उत्तरही आलं होतं.

‘तीन,’ आर्नहेमच्या नीलांबरीताईनं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ: ‘फक्त एप्रिल संपायच्या आत सांगा. गेमेन्टेला मैदानाचा अर्ज तेव्हा द्यायचा असतो.’

गेमेन्टे म्हणजे इथली नगरपालिका. सोबत एक हसरा चेहरा. तो हसरा चेहरा मला पुढे आठवडाभर जेवताना दिसायचा.

नीलांबरीताई मूळची इचलकरंजीची. आर्नहेमला शिकायला आली, तिथेच एका वीज कंपनीत लागली. वीज कुठून कुठे जाते आणि कुठे तुंबते हे बघायचं तिचं काम. शिकत असताना पहिल्या हिवाळ्यात तिला कॉलेजच्या पार्किंगमध्ये तीन मुलं टेनिस बॉलनं खेळताना दिसली: एक बांगलादेशी, एक श्रीलंकेचा आणि एक डच, ज्याला हे बेसबॉल आहे असं वाटत होतं. तिनं त्यांची टीम केली. कुठलातरी क्लब बंद पडत होता, त्याची खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची मॅट मागून आणली. ही मॅट चार सायकलस्वारांनी खांद्यावरून आणली अशी दंतकथा आर्नहेममध्ये सांगतात. खरं म्हणजे ट्रॅक्टर होता. पण ट्रॅक्टर तिनंच मिळवला होता, म्हणून दंतकथेला कोणी हरकत घेत नाही.

डिग्री मिळून वर्षं झाली तरी माजी विद्यार्थी या नावाखाली ती टीममध्ये होती. सगळी टीम तिला ताई म्हणे. तो डच मुलगाही. त्याला ते तिचं आडनाव वाटायचं.

आणि तिनंच लीगमध्ये तो रिवाज पाडला: ज्याचं मैदान, त्यानं पाहुण्या टीमला जेवू घालायचं. ब्रेडवर चीज ठेवून पुढे सरकवणं नाही, जेवण. मग परतीच्या सामन्याला समोरच्यानं. २०२०च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सगळं पुन्हा बंद होण्याच्या आधी, आम्ही आर्नहेमला शेवटचा सामना खेळलो. कॅन्टीनला कुलूप, एका पातेल्यातून वाढायला बंदी. आम्हाला वाटलं, या वेळी सुटली बिचारी. तिनं प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डबा भरून आणला होता. मसालेभात, बटाट्याची भाजी, खाली दडवलेला शिरा. सायकल स्टँडपाशी अंतर ठेवून, एकमेकांकडे पाठ करून जेवलो आम्ही. भांडण झालेल्या वऱ्हाडासारखे दिसत असणार.

प्लास्टिकचे डबे एकानं कमी पडले, म्हणून मला तिचा स्वतःचा स्टीलचा मिळाला. झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं: सौ. साधना. परतीचा सामना युट्रेख्टला व्हायचा होता, तेव्हा डबा द्यायचा होता, जेवणही आम्ही द्यायचं होतं. दहा दिवसांत सामने बंद झाले. डबा माझ्याकडे राहिला.

तर, त्या मेसेजनंतर मी तिला फोन लावला. माफीचं भाषण पाठ केलं होतं.

“बोला सेक्रेटरी,” ताई म्हणाली. “आज कुठल्या ग्रुपवरून?”

“ताई, सॉरी. ते आमचं अजून ठरलं नाहीये—”

“अरे, ठरवा की मग. चोपड्याची माणसं एवढी लाजतात होय? पश्चिमेला गवताची खेळपट्टी आहे, शिकलेले अंपायर आहेत. मी तुमच्या जागी असते तर विचार केलाच असता.”

“तुमचं काय होईल पण?”

मग वीज कुठे तुंबली हे सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं. चार टीमांची लीग असेल तरच गेमेन्टे आर्नहेमचं मैदान क्रिकेटला ठेवणार. तीनच उरल्या तर तिथे पॅडलची कोर्टं होणार, म्हणजे काचेच्या पिंजऱ्यातलं टेनिस. पॅडलवाले रांगेत उभेच होते.

“मग तू आम्हाला थांबा म्हणत का नाहीस?”

“तू आधी माझा डबा आणून दे,” ती म्हणाली. “रिकामा आणू नकोस फक्त. आईचा आहे.”

आता आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण रिकामा नाही म्हणजे भरायचा कशानं? आमच्या घरी असल्या वेळी आई शेव घालायची. मी शेंगदाण्याचे लाडू करायला घेतले. गूळ एका सुरिनामी दुकानातून आणला आणि पाक किती करायचा हे फोनवर आईला विचारलं. “दिसतो की झाला म्हणजे,” आई म्हणाली. मला दिसला नाही.

मार्चमध्ये मास्क लावून आर्नहेमची गाडी पकडली. तेव्हा नियम होता की सत्तावीसच्या आतल्यांनी मैदानात टीमनं सराव करायचा, त्यावरच्यांनी नाही. ताई बत्तीसची. प्रशिक्षक म्हणून तिला आत जाता आलं असतं, पण मग बॅट धरायची नाही. आणि बॅट न धरता आत उभं राहण्यापेक्षा बाहेरून ओरडणं तिला बरं वाटायचं. त्यामुळे ती मला सापडली ती कुंपणाबाहेर, सायकलच्या रस्त्यावर, एक पाय खालच्या आडव्या दांडीवर ठेवून.

“कोपर वर! कोपर! यूप, वर म्हणजे वर, आभाळाकडे!”

आणि यूप नावाचा एक सहा फुटी डच मुलगा खरोखर कोपर वर करायचा.

“मराठी कळतं त्याला?”

“कोपर, वर आणि गाढवा. एवढ्यावर ओपनिंग करतो.”

मैदानात मॅट अंथरलेली होती. इतके महिने फाटकाला कुलूप होतं, पण फाटकाची आणि सामानाच्या खोलीची किल्ली तिच्याकडे. बंदी असतानाही दर शनिवारी ती एकटी येऊन मॅट पायानं ढकलत उलगडायची, वारं द्यायची, उलट्या बाजूनं गुंडाळून ठेवायची. ओल धरली की काथ्या कुजतो म्हणे. जे मैदान राहणार की नाही हे माहीत नाही, त्याची मॅट. मी विचारलं, की पॅडलवाले आले तर या मॅटचं काय करायचं?

“तेव्हाही कोरडीच असलेली बरी ना?” ती म्हणाली.

मी डबा पुढे केला. तिनं एक लाडू उचलला, चावला, काढून बघितला, पुन्हा चावला.

“श्रीहर्ष,” ती म्हणाली, “हा नव्या बॉलच्या जागी चालेल. शिवणसुद्धा आहे.”

तरी तिनं तो संपवला. बाकीचे रुमालात बांधून पिशवीत टाकले आणि डबा मला परत दिला.

“अगं, तुझा डबा आहे!”

“असू दे. लाडू तू स्वतः होऊन आणलेस, ते वेगळं. परतीचं जेवण बाकी आहे अजून. ते आलं की त्यातून डबा घेईन.”

“आणि आम्ही पश्चिमेला गेलो तर?”

“तर डबा ठेव. आईला सांगीन, एक डबा अ‍ॅमस्टरडॅमच्या वाटेवर हरवला.”

परत येताना गाडीत तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. रिकामा असून जड लागत होता. लाडूंची सवय झाली असावी.

एप्रिलच्या सुरुवातीला आमची ऑनलाइन सभा भरली. अध्यक्ष प्रतीक. हा झुइडासमध्ये, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या उंच ऑफिसांच्या भागात, एका कन्सल्टन्सीत इंटर्न होता आणि घरात बसून इंटर्नशिप करत असला तरी बोलायचा विसाव्या मजल्यावरून. त्यानं स्लाइड्स दाखवल्या. गवताची खेळपट्टी. अंपायर. कंपनीच्या नावाचे शर्ट, तेही पाठीवर ज्याचं त्याचं नाव असलेले. शर्टाच्या स्लाइडवर सगळे स्क्रीनजवळ सरकले. खोटं कशाला सांगू, मीही सरकलो. माझं नाव पाठीवर कसं दिसेल ते मनात बघून घेतलं.

मी म्हणालो, आर्नहेमची बाजूही ऐकू या. माझ्या चुकीमुळे सगळ्यांना सगळं माहीतच होतं, तेव्हा नाही म्हणायला कोणाला तोंड नव्हतं. ताई स्क्रीनवर आली. मागे कुकरची शिट्टी झाली.

“मैदानाचं श्रीहर्षनं सांगितलं असेलच,” ती इंग्रजीत म्हणाली. “ते लपवणं बरं नव्हतं म्हणून मी सांगितलं. पण तेवढ्यासाठी थांबू नका. दया म्हणून खेळायला येणारी टीम मला नको. ती कॅच सोडते.”

कोणीतरी हसलं.

“मला एकच विचारायचं आहे. गेल्या ऑक्टोबरला तुमचे अकरा जण खेळले, पण जेवले अठरा. डब्यांवर नावं मी लिहिली होती, म्हणून माझ्या लक्षात आहे. ते सात जण पश्चिमेला कुठे बसणार आहेत?”

प्रतीक म्हणाला, “राखीव म्हणून.”

“आमच्याकडेही राखीवच होते. तो प्रणव तीन वर्षं येतोय. माझ्या हातचा मसालेभात त्याला कसा आवडतो हे मी सांगू शकते. बॅट कशी धरतो, नाही सांगू शकत.”

प्रणवनं कॅमेरा बंद केला. मग पुन्हा चालू केला आणि म्हणाला, “डाव्या हातानं धरतो, ताई.”

“बघ! डावखुरा, आणि तीन वर्षं पाणी वाटतोय!” मग ती प्रतीककडे वळली. “तुमच्या पहिल्या टीमला न्या पश्चिमेला. ती चांगली आहे, तिला मोठं मैदान हवं. पण या सात जणांत नवीन चार-पाच घाला आणि एक दुसरी टीम पूर्वेला राहू द्या. युट्रेख्ट म्हणून. गेमेन्टेला चार टीम हव्या आहेत, त्या जिंकल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.”

“दुसरी टीम चालवणार कोण?” प्रतीकनं विचारलं.

स्क्रीनवरचे सगळे चौकोन कुठे बघत होते ते कळत नव्हतं, पण माझ्याकडेच बघत होते हे मला कळलं. तो जो मेसेज मी टाकला होता, त्याची शिक्षा इतके दिवस कुठे अडकली होती कोण जाणे. ती त्या दिवशी पोचली.

मतदानाचा मेसेज मलाच पाठवायला सांगितला. “ग्रुप बघून,” प्रतीक म्हणाला. तीन वेळा बघितला. ठराव पास झाला. त्याच दिवशी मी आर्नहेमच्या अर्जासाठी आमच्या टीमचं पत्र धाडलं.

जूनमध्ये सामने सुरू झाले. पश्चिमेच्या लोकांनी आमच्या दुसऱ्या टीमचं नाव ठेवलं, उरलेल्यांची टीम. ताईनं ते ऐकलं आणि म्हणाली, “उरलेलं दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं.” पहिलाच सामना आर्नहेमला. मैदान त्या मोसमापुरतं क्रिकेटचं राहिलं होतं. पॅडलवाल्यांना गेमेन्टेनं दुसरीकडची जागा दाखवली. नियम सैल झाले होते, ताई कुंपणाच्या आत होती. तिनं मला दुसऱ्याच बॉलवर त्रिफळा उडवून परत पाठवलं आणि मी जाताना म्हणाली, “कोपर वर, सेक्रेटरी.” प्रणवनं मात्र डाव्या हातानं तिला एक चौकार मारला. टाळ्या तिनंच सगळ्यात आधी वाजवल्या, मग तिच्याच लक्षात आलं की बॉलर आपणच आहोत. आम्ही हरलो. जेवण होतं झुणका-भाकरी आणि ताक, आणि या वेळी एका पातेल्यातून.

परतीचा सामना युट्रेख्टला व्हायला हवा होता. पण आमच्या मैदानाच्या तारखा पहिली टीम घेते, त्यांचे शर्ट मोठे. आम्हाला उरते ती मंगळवारची सकाळ, आणि मंगळवारी सकाळी लीग कोण खेळणार? तेव्हा परतीचा सामनाही आर्नहेमलाच झाला. जेवू कोणी घातलं हे सांगायला नको.

डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. सप्टेंबरमध्ये ताईचा फोन आला.

“डबा आहे ना रे?”

“आहे.”

“रिकामा?”

“नाही. तूरडाळ ठेवलीय.”

“कच्ची? कच्ची डाळ घालून कोण डबा परत करतं? शिजव आणि घेऊन ये. अठरा जणांना पुरेल एवढी.”

“येत्या शनिवारी, मोसमाच्या शेवटच्या सामन्याला,” मी म्हणालो. “नक्की.”

शनिवारी सकाळीच आभाळ भरलं, सामना रद्द झाला. मी डाळ भिजत घातली होती. ती मी आणि प्रणवनं मिळून दोन दिवस खाल्ली.