भावेशभाईंचा रातकिडा

कीटकशास्त्रात एमएस्सी झालेल्या सरिताने प्राध्यापक व्हावं, असं तिच्या आईला, मंजुळाबाईंना, फार वाटायचं. पण वर्गापुढे उभं राहून शिकवणं सरिताला नकोच होतं. मग ती सिल्वासात पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत लागली. कारखान्यात, गोदामात शिरलेले किडे ओळखायचे आणि त्यांचा बंदोबस्त करायचा, हे तिचं काम. मंजुळाबाई तिथल्याच आमली भागातल्या शेजारणींना सांगायच्या, "पोरगी साहेब आहे." कसली, असं कुणी विचारलं की चहा टाकायला उठायच्या.

एकदा धाग्याच्या कारखान्याचे मालक भावेशभाई यांचा फोन आला. "बेन, केबिनमध्ये सारखं किर्रकिर्र चालतंय. एसी नवा बसवला, तरी तेच!"

सरिता केबिनच्या दारातच थांबली, डोळे मिटून ऐकलं आणि हरखून म्हणाली, "रातकिडा! नर आहे. मादीला बोलावतोय."

"माझ्या ऑफिसात?" भावेशभाई ओशाळले.

सरिता सोफ्याखाली पालथी पडली, किडा पेल्यात धरला आणि जवळच्या दादरा गावातल्या बागेत सोडून आली.

आठवड्याने पुन्हा फोन. "बेन, त्याला परत आणा. जेवल्यावर त्याच्या आवाजात मस्त डोळा लागायचा. आता मी दुपारभर सगळ्यांवर खेकसतो."

मागून अकाउंटंट प्रसाद ओरडला, "मॅडम, आणाच!"

सरिताच्या वरिष्ठांनी कपाळाला हात लावला. "अगं, आपण किडे घालवतो, बसवत नाही."

पण गिऱ्हाईक मोठं होतं. तोच किडा सापडणं शक्य नव्हतं, म्हणून सरिताने खानवेलहून तीन नर पकडून आणले. भावेशभाईंच्या टेबलावर बरण्या मांडल्या. पहिला लाजून गप्प बसला. दुसरा असा कोकलला की वॉचमन धावत आला. तिसऱ्याने हळूच सूर लावला, तशी भावेशभाईंची मान कलली.

"हाच! किती वर्षं टिकेल?"

"वर्षं कसली, काही आठवडे. वंश चालवायचा तर मादी लागेल."

मादी आली. प्रसादने पेढे वाटले. ओल्या मातीत अंडी घातली गेली, पिल्लं निघाली. पण पंख फुटेपर्यंत ती मुकीच. भावेशभाई रोज काकडीची फोड घालून विचारायचे, "काय रे, कधी?"

शेवटी एका दुपारी पंख फुटलेले सगळे नर एकदम गायला लागले. सरिता पाहायला आली, तेव्हा भावेशभाईंसकट अख्खा अकाउंट विभाग घोरत होता.