दोन दिवसांचं पाणी

दोन दिवस गप्प ठेवलेल्या बोअरची मोटर चैत्रातल्या सकाळी सुरू केली की पाईप आधी खोकतो, मग लोखंडाच्या वासाची एक गढूळ गुळणी टाकतो, आणि मग एकाएकी असं तोंडभरून पाणी येतं की बघणाऱ्याला वाटावं, या अंगणाखाली एखादी नदीच वाट चुकून थांबली आहे. ओल्या शहाबादी फरशीच्या त्या थंडगार गंधात मी आमच्या लातूरच्या घराचा सगळ्यात सुंदर असा अर्धा तास येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होते. अर्धा तासच. त्यानंतर धार करंगळीएवढी होते. ती तशी व्हायच्या आत मी बटण बंद करत असे.

आमच्याकडे घर बघायला आलेला माणूस दिशा, दार, देवघर हे सगळं नंतर विचारतो. चप्पल काढता काढताच त्याचा पहिला प्रश्न असतो, "पाण्याचं कसं हाय?" म्हणून बोअरला विसावा द्यायची युक्ती इथं कुणाला शिकवावी लागत नाही. बघायला येणार म्हटलं की दोन दिवस मोटर लावायची नाही. खडकाच्या भेगांतून झिरपेल तेवढं झिरपू द्यायचं, तळाशी साठेल तेवढं साठू द्यायचं. ते दोन दिवस मी, माझी नऊ वर्षांची सई आणि आमची कुत्री खारी, अशा तिघी पिंपातल्या पाण्यावर काढायचो. सईची आंघोळ अर्ध्या बादलीत, आणि त्याच पाण्यात नंतर तिचे मोजे. ती कुरकुरली नाही कधी. तिला ठाऊक होतं, हे घर विकलं तरच नांदेडला घर घेता येणार. तिच्या बाबांची तिकडे बदली होऊन वर्ष झालं होतं, आणि जूनच्या आत जमलं नाही तर शाळेचं आणखी एक वर्ष असंच जाणार होतं. तिकडच्या विष्णुपुरी धरणाजवळच्या भाड्याच्या खोलीतून ते फोन करायचे तेव्हा सई एकच विचारायची, "बाबा, आज धरणात किती पाणी हाय?" आणि ते हसून म्हणायचे, "तू ये अन् मोज."

राहतं घर विकणं म्हणजे आपण इथं राहतच नाही असं दाखवणं, हे मला तेव्हा कळलं. फोन आला की सईचं दप्तर, पाटावरचे रंग, उशीखालचे चिंचोके, सगळं कपाटात. खारीला शेजारच्या शकुंतलाबाईंच्या गच्चीवर नेऊन बांधायचं, तिच्या अंगाचा उबदार, धुळकट वास जावा म्हणून फिनेलनं फरशी पुसायची. एकदा वरून तिचं रडं ऐकू आलं तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "कुत्रं पाळलंय का?" मी सहज म्हटलं, "शेजारचं हाय." सई माझ्याशेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. मुलं शिकतात ती अशीच, वही न उघडता.

आणि मी तर शिकवणारी बाई. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी; घराच्या फाटकावर नावापुढं बी.एस्सी., बी.एड. कोरून घेतलं तेव्हा मी लाजले नव्हते, आजही लाजत नाही. गावाकडं कुणाच्याही घरी कागद आला की तो आधी माझ्याकडं यायचा. थोरले काका म्हणायचे, "तू वाचून सांग, मग अंगठा देतो." शाईनं निळा झालेला त्यांचा तो अंगठा माझ्या शब्दावर निःशंक टेकायचा. पदवीनं मला नोकरी दिली, घर दिलं. पण त्याआधी तिनं मला हा विश्वास दिला होता, आणि मी तो दर दोन दिवसांनी पाईपातून सांडत होते.

शिरूर अनंतपाळहून एक जोडपं आलं, तो रविवार होता. काका शाळेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे; काकू सावळ्या, डोक्यावर पदर, नजर मात्र सरळ जमिनीच्या पोटात जाणारी. खोल्या त्यांनी नुसत्या ओलांडल्या. अंगणात आल्या, धारेखाली ओंजळ धरली, प्याल्या, ओला हात मानेवरून फिरवला आणि म्हणाल्या, "गोड हाय. आमच्या शेजारणीच्या बोअरचं पाणी निव्वळ खारं, चहा केला तर दूध रुसतंय." काका हसले. "हिला घर न्हाई, पाणी घ्यायचंय मॅडम," ते म्हणाले. मीही हसले. मग काकू सईकडे वळल्या. तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "काय गं माय, उन्हाळ्यात पुरतंय का पाणी?"

मी सईला याचं उत्तर शिकवलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुरतंय की आजी," ती म्हणाली, "खूप पुरतंय." काकूंनी तिचा गालगुच्चा घेतला.

दुपारभर घरात पडद्याआडून गाळून आलेला पिवळा उजेड होता आणि फरशीवरची ओल कधीच उडून गेली होती. काकूंचा निरोप आला होता, घर पसंत हाय, बुधवारी बोलणी करू. आनंद व्हायला हवा होता. मी भांडी घासली, पुन्हा घासली. शेवटी उन्हं उतरताना फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं: बोअर अर्धा तास चालतो, वैशाखात तेवढाही नाही, दोन टँकर लागतात, तुमच्यासाठी दोन दिवस बंद ठेवला होता.

काकू म्हणाल्या, "पण लेकरू तर म्हणालं, पुरतंय म्हणून."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, लेकरू हाय ते. त्याला काय कळतंय."

"बरं," त्या म्हणाल्या, "ह्यांना विचारून कळविते."

फोन ठेवला तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. अंगणातल्या कडुनिंबाचा मोहोर वाऱ्यावर गळत होता, हवेला त्याचा कडूगोड वास होता, आणि वाटलं, थोरल्या काकांचा अंगठा ज्यावर टेकायचा तो शब्द मी पुन्हा मिळवला. मग मागं वळले. सई दारात उभी होती, खारीच्या मानेत हात घालून. किती वेळची, कोण जाणे.

"मला कळत होतं, आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादं गणित बरोबर करून आणल्यावर मुलं सांगतात, तसं सांगितलं तिनं. "मग आता त्या आजींना मी खोटारडी वाटत असेन का?"

मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग आखडून. तिनं जे केलं ते बापाजवळ जाण्यासाठी, माझा चेहरा पडू नये म्हणून केलं होतं. आणि मी माझा चेहरा धुतला तो तिच्या ओंजळीतल्या पाण्यानं. बोअरचं सगळं खरं सांगून झालं होतं, त्यात एक थेंब लपवला नव्हता; लपवलं होतं ते इतकंच, की सईला सगळं कळत होतं आणि खोटं बोलायला ती माझ्याकडूनच शिकली होती. फोन अजून हातात होता, काकूंचा नंबर पडद्यावर तसाच उजळलेला. मी अंगठा त्याच्यावर ठेवला आणि पहिलं वाक्य जुळवू लागले. सई वाट बघत होती.