ब्लीचने धुतलेले हात

माझी मावशी रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला होती. शस्त्रक्रियेच्या चादरी, उलटीने माखलेले अभ्रे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. रक्ताचा डाग साबणाला दाद देत नाही, म्हणून तिथे ब्लीचचं पिंप असायचं. नाकाला झोंबलं की चादर स्वच्छ झाली, असं तिथल्या बायकांचं गणित. कुणी कामाबद्दल विचारलं की मावशी म्हणायची, "मोठमोठ्या सर्जनांची घाण निस्तरते." आणि स्वतःच खो खो हसायची.

तिला नातू झाला तो सातव्या महिन्यातच. एवढंसं पोर. मावशीच्याच रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "याची कातडी अजून पुरती तयार नाही, जंतू सहज आत शिरतील. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही." सुनेने ते मनावर घेतलं, त्यात तिचं काही चुकलं नाही. पण सासू दारात आली की तिच्या कपाळाला जी आठी पडायची, ती आठवली की माझं अजून डोकं फिरतं.

"आई, तुम्ही तिथून येता. हात नीट धुतलेत ना?"

मावशीने नीट धुतले. लाँड्रीतून बाटलीत ब्लीच आणलं आणि रोज घरी आल्यावर कोपरापर्यंत चोळायला लागली. चादरीचं गणित तिने हातांना लावलं. चुरचुरलं की तिला बरं वाटायचं. कातडी सोलवटली, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तशी ती जास्तच चोळू लागली.

"मावशी, अगं हात आहेत की पायपुसणी?" मी ओरडले.

"तुला नाही कळायचं. पोराला घ्यायचंय मला."

एक दिवस उजवा हात टम्म सुजला. लाल रेघ दंडापर्यंत चढली, अंग तापाने फणफणलं. त्याच रुग्णालयात, कदाचित तिनेच धुतलेल्या चादरीवर, तिला निजवलं. पोराच्या त्याच डॉक्टरीणबाई तिला बघायला आल्या आणि माझ्यावरच चिडल्या. "कातडीतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. पण त्या नुसती भिंत नाहीत. जंतू आला की त्या ओळखतात, त्याला मारणारं द्रव्य सोडतात, रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. यांनी जंतूंआधी पहारेकरीच मारले! अहो, साधा साबण पुरला असता."

साधा साबण! हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जीभ झिजली असती? मी तोंडावर विचारलं. बाई फाइल चाळत राहिल्या.

सडलेली कातडी काढावी लागली. तळहाताला आणि बोटांना मांडीची कातडी लावली. ती धरली, पण तिच्यात पहिल्यासारखा स्पर्श येईलच असं नाही, असं बाईंनी सांगितलं. लाँड्रीवाल्यांनी मावशीला घरी बसवलं. तोवर पोराने छान बाळसं धरलं होतं.

शेवटी सुनेनेच एका दुपारी त्याला आणून मावशीच्या मांडीवर ठेवलं. "घ्या आई. आता कसली भीती नाही."

डावा हात पोराला सावरण्यात गुंतला होता. मावशीने उजवा तळहात त्याच्या गालावरून फिरवला, मग डोक्यावरून. परत फिरवला. पोर खिदळलं. मावशी हसली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू हात लावून सांग ना गं," ती म्हणाली. "जावळ मऊ आहे का त्याचं?"